चार हजारांवर थांबायचं होतं

आमच्या वडूजच्या घरात वडीलधारं माणूस बोलत असताना मधे तोंड घालायची रीत नव्हती. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं बोलणं संपल्याशिवाय आम्ही भावंडं ताटात भाकरीसुद्धा मागत नसू. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. उलट हीच सवय पुढे नोकरीत उपयोगी पडली, वरिष्ठ खूश असायचे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी हवाई दलाच्या मालवाहू विमानांवर सहवैमानिक झालो. ज्यांच्या उजव्या बाजूला मला बसवलं ते कॅप्टन आष्ट्याचे निघाले. जैन शेतकरी घरातले, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, कमी बोलणारे. विमानात मी त्यांना 'सर' म्हणायचो. खाली उतरलो की ते अण्णा. उत्तरेतल्या त्या तळावर आमच्याकडची बोली बोलणारे आम्ही दोघंच होतो. संध्याकाळी ते मला घरी जेवायला बोलवायचे. "लय वाळलायस रं," म्हणत वहिनींना आणखी एक भाकरी वाढायला सांगायचे.

त्या सकाळी ढग बरेच खाली होते. मागे वीस जवान बसले होते. आम्ही धावपट्टी सोडली आणि टॉवरने सांगितलं, चार हजार फुटांपर्यंत चढा आणि तिथेच थांबा. वर पाच हजारांवर दुसरं विमान येत आहे. एरवी आम्हाला सरळ सात हजारांपर्यंत परवानगी मिळायची. मी 'चार हजार' असं टॉवरला परत म्हणून दाखवलं. कॅप्टनांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष उजव्या इंजिनाच्या तेलदाबाच्या काट्यावर होतं. काटा थरथरत होता.

साडेतीन हजार झाले. विमानाचं नाक अजून वरच. मला वाटलं, आता खाली घेतील. त्यांना काय सांगायचं? त्यांनी माझ्या जन्माआधीपासून नसली तरी माझ्या शाळेपासून विमानं उडवलेली.

"सर," मी म्हणालो.

त्यांनी 'थांब' असा हात केला आणि काट्याकडे बोट दाखवलं. मी थांबलो. चार हजार गेले. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा काटा पुढे सरकताना मला स्पष्ट दिसत होता. चार हजार दोनशे. चारशे. तोंडात शब्द तयार होता आणि तो बाहेर येत नव्हता. मिनिटभर मी नुसता बघत राहिलो.

ढग फाटले आणि समोर, जरा वर, दुसऱ्या विमानाचं पोट दिसलं. त्यावरचे तेलाचे ओघळसुद्धा दिसले. कॅप्टनांनी नाक खाली दाबलं. मागून आरडाओरडा ऐकू आला. एका जवानाचा पट्टा सुटलेला होता. तो छताला आपटून खाली पडला, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला.

टॉवरने उंची विचारली. मी बटण दाबायच्या आत कॅप्टन स्वतःच बोलले, "चार हजार सातशेपर्यंत गेलो होतो. चूक माझी."

उतरल्यावर इंजिन बंद केलं, तरी ते जागचे उठले नाहीत.

"तू चारच ऐकलं हुतंस न्हवं?"

"व्हय, अण्णा."

"मग वरडला का न्हाईस?"

मी पट्टा सोडला आणि उड्डाणाची वही भरायला घेतली.

चौकशीत त्यांनी लिहून दिलं, 'सहवैमानिकाने वेळेवर सावध केलं होतं, मीच ऐकलं नाही.' तो कागद मला दाखवला गेला तेव्हा सुटलो असं वाटलं, आणि लगेच स्वतःची शिसारी आली. मी खरं ते सांगितलं. एकदा 'सर' म्हणालो, त्यांनी हात केला, मग गप्प बसलो. मला लेखी ताकीद मिळाली. त्यांचं उड्डाण तीन महिने बंद झालं. ते रजा घेऊन गावी गेले.

महिन्याभराने मलाही रजा मिळाली. वडूजला दोन दिवस राहून मी एसटीने आष्ट्याला गेलो. वहिनींनी पाणी दिलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आवं भावजी, तुमी शेजारीच बसला हुता न्हवं?" मी 'व्हय' म्हणालो, तांब्या खाली ठेवला आणि मळ्याकडे निघालो.

अण्णा उसाला पाणी पाजत होते. मला बघून त्यांनी खोरं बाजूला ठेवलं. आम्ही बांधावर बसलो.

मी म्हणालो, "माझ्यामुळं तुमचं इमान उडवणं बंद झालं."

"तुज्यामुळं न्हाई. मी हात क्येला, तितं चुकलो. आन् माजा हात बघून तू गप बसलास, तितं तू चुकलास. त्या पोराचा हात मातुर दोघांनी मोडला." मग म्हणाले, "हुबा ऱ्हा. चार हजार, थांबा, असं म्हण मला."

मी म्हणालो.

"पोटातनं म्हण गड्या! इंजनाचा आवाज चाललाय."

मी ओरडलो. उसातून त्यांच्या वडिलांनी हाक दिली, "काय झालं रं? कोन वरडायलंय?" अण्णा पहिल्यांदा हसले. मला हसू आलं नाही. आणखी दोनदा त्यांनी मला ओरडायला लावलं.

बंदीचे तीन महिने भरल्यावर ते परत आले. तोवर त्या जवानाचं प्लास्टर निघालं होतं. आम्ही दोघं त्याला भेटायला गेलो आणि काय घडलं ते त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. त्याची मूठ पुरती वळत नव्हती.

त्यानंतर दीड वर्ष मी अण्णांच्या शेजारी बसलो. टॉवरने उंची सांगितली की मी ती म्हणायचो, तेही म्हणायचे, आणि पाचशे फूट उरले की मी पुन्हा मोठ्याने सांगायचो. नोकरीची मुदत संपल्यावर ते आष्ट्याला शेतीकडे गेले.

दशक संपता संपता मी डाव्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसलो. एकदा चढताना शेजारचा नवा अधिकारी एकदम ओरडला, "सर, थांबा, पाच हजार!" परवानगी सहा हजारांची होती, मी नीट ऐकलं होतं. तरी मी विमान सरळ केलं आणि टॉवरला पुन्हा विचारायला सांगितलं. सहाच निघाले. पोरगा शरमेने लाल झाला.

"बरं केलंस," मी म्हणालो, आणि पुढे चढलो.