त्यांच्या वाटणीचे आभार

माझ्या सासरी पानं वाढून झाली तरी भाताला हात लावायची सोय नव्हती. आधी उपकारस्तुती. आज देवानं काय दिलं ते ज्यानं त्यानं एका वाक्यात सांगायचं. कालचंच पुन्हा सांगितलेलं चालायचं नाही. घरातलं कुणी गावाला गेलं असेल, तर त्याच्या वाटणीचे आभार दुसऱ्यानं मानायचे. मेलेल्याची तेवढी वाटणी नसे. सासूबाई म्हणायच्या, "तो आता देवासमोरच उभा आहे, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?" तोवर भात गार व्हायचा आणि मी आतल्या आत धुमसायची.

एकोणीसशे तिसाच्या पुढचं कुठलंसं साल होतं. आमचे हे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. औषधं आणायला मुंबईला गेले, आणि परतीच्या मचव्यात बसले त्याच दुपारी वादळ उठलं. मचवा मांडव्याला लागलाच नाही. थळच्या कोळ्यांना विचारावं, तर ते नजर चुकवायचे.

त्या संध्याकाळी मामंजींनी डोक्यावर छप्पर राहिलं म्हणून आभार मानले. सासूबाई ह्यांच्या रिकाम्या पाटाकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "प्रभू, माझ्या लेकाच्या वतीने. त्याला पोहता येतं, त्याबद्दल." माझी पाळी आली आणि माझं डोकंच फिरलं.

"माझ्यापाशी आज काही नाही. कुठून आणू आभार?"

"बरं, उद्या दोन मान," सासूबाई म्हणाल्या. अगं बाई, काय हे काळीज! असा राग आला मला त्यांचा!

दोन दिवसांनी किनाऱ्याला एक मोडकी डोलकाठी लागली. कुठल्या मचव्याची, कुणी सांगेना. शेजारणी येऊन बसल्या. त्यातली एक सारखी माझ्या बांगड्यांकडे बघत होती. तिला मी उठवून लावलं.

संध्याकाळी पानं मांडली, तर ह्यांचा पाटच नाही. मामंजी काय पुटपुटले ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी विहिरीच्या गोड्या पाण्याबद्दल आभार मानले आणि ओठ मिटले. मी वाट बघतेय. त्यांनी 'आमेन'साठी तोंड उघडलं. आईनंच लेकाची वाटणी काढून टाकली!

"थांबा!" मी ओरडले. "त्यांचं राहिलं."

"सूनबाई, अगं..." मामंजी म्हणाले.

"राहिलं म्हणते ना! प्रभू, माझ्या नवऱ्याच्या वतीने. आज त्यांच्या हाताला काहीतरी लागलं, फळी म्हण, ओंडका म्हण, त्याबद्दल. आणि बायको तोंडाळ मिळाली, त्याबद्दल."

उठले, पाट आणला आणि आपटला. सासूबाई पदर तोंडाशी धरून रडल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हाला हे दारात उभे. वाऱ्यानं मचवा पार दिघीच्या खाडीपर्यंत रेटत नेला होता. तिथून कधी बैलगाडीनं, कधी पायी आले होते. पाय सोलवटून निघाले होते.

पानं वाढली. ह्यांची पाळी आली, पण हे नुसते भाताच्या वाफेकडे बघत राहिले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तूच मान गं त्याच्या वतीने. तुला काय, सवय झालीय."

मी तोंड उघडलं. एवढी मी तोंडाळ, पण शब्द फुटेना.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "कळलं हो देवाला. जेवा आता."

त्या घरात मी पहिल्यांदा गरम भात जेवले.