खडूचा बैल

या सदरातले अनुभव मी बहुतेक जेवताना वाचते, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. कुणाला जिन्यात बाई दिसते, कुणाचा बंद पडलेला फोन वाजतो... मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. पुस्तक जागेवर नसेल तर ते कुणीतरी नेलेलं असतं, एवढंच मला माहीत. भूतखेत, अंगात येणं, असलं आमच्या घरात कधी नव्हतं, आजही नाही. तरी लिहायला बसलेय. कारण जे झालं ते मी एकटीनं पाहिलं असतं तर ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण ते सगळ्या हॉलनं पाहिलं.

मी धुळ्याला देवपुरात राहते. महिन्यातून एका रविवारी, दुपारी, आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आम्ही शॉर्ट फिल्म दाखवतो. चार-पाच असतात, बहुतेक अ‍ॅनिमेशन — मातीच्या बाहुल्यांच्या, कापडाच्या तुकड्यांच्या, काचेवर वाळू पसरून केलेल्या. तिकीट नाही, भाषण नाही. सुरुवातीला लोक उभे राहून बघायचे. आता मोजकीच डोकी येतात. लोकांचंही बरोबर आहे, सगळं मोबाइलवर दिसतं तर उन्हातून कशाला यायचं? त्या एप्रिलमध्ये मी ठरवलं होतं, हा शेवटचा कार्यक्रम. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळतात ते पाटील सर, फिजिक्स शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, बरं, तुम्ही म्हणाल तसं. वाद नाही, आग्रह नाही. तेही कंटाळले होते.

हे वेड मला लावलं माझ्या चुलतभावानं. मधुभाऊ. आमचं गाव पारोळ्याजवळ, पण तो नोकरीनिमित्त चाळीसगावला स्थायिक झाला. शाळेत चित्रकला शिकवायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकामी झाली की फळ्यावर खडूनं चित्र काढायचा, फोटो घ्यायचा, थोडंसं पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा फोटो. अख्खी सुट्टी संपायची तेव्हा दीड-दोन मिनिटांची फिल्म व्हायची. अशा दोन केल्या त्यानं. दोन्ही आम्ही दाखवल्यात. पुसलेल्या खडूची फिकट सावली मागं राहते ना, ती तो कधी झाकायचा नाही. म्हणायचा, माणूस चालत गेला तर तो आधी कुठं होता हेही दिसलं पाहिजे.

तिसरी फिल्म त्याच्या डोक्यात होती. म्हाताऱ्या बैलाची. बाजारात विकलेला पांढरा बैल दावं तोडून घराकडे चालत निघतो. पण तो खडूचा आहे, त्यामुळे वाटेत ज्याला ज्याला घासतो, त्याला त्याचा रंग लागतो. बाभळीच्या काट्यांना थोडा, पुलाच्या कठड्याला थोडा, अंगावरून हात फिरवणाऱ्या पोराच्या तळव्याला थोडा. चालता चालता बैल पुसला जातो. अंगणात पोहोचेपर्यंत उरतच नाही.

आणि इथंच तो अडकला होता. बैल पोहोचला तर गोष्ट खोटी, नाही पोहोचला तर एवढं चालवलं कशाला? किती वर्षं तो मला फोनवर वेगवेगळे शेवट सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच मोडून टाकायचा. हे फक्त मला माहीत होतं. वहिनीलाही तो म्हणायचा, पूर्ण झाल्यावर बघ.

मग त्याच्या हाताला कंप सुरू झाला. औषधं झाली, मोठे डॉक्टर झाले. कप धरता येईना तिथं खडू कुठून धरणार? बैलाचा विषय त्यानं बंद केला. मीही काढायचे नाही. आमचे फोन मग तब्येत, पाऊसपाणी, कापसाचा भाव यांवर संपायला लागले.

तर तो रविवार. कूलरचा आवाज इतका की फिल्मचा आवाज वाढवावा लागला. दोन-तीन विद्यार्थी, एक निवृत्त जोडपं, आणि शेजारच्या सुमनअक्का, ज्या आम्हाला मोकळेपणी सांगतात की त्या कूलरसाठी येतात. फिल्म निवडून लॅपटॉपमध्ये मीच टाकल्या होत्या. पहिली मातीच्या बाहुल्यांची संपली. पडदा काळा झाला. दुसरी कापडाची असायला हवी होती.

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ आली. थरथरत होती. ती पाठीची रेघ झाली, मग वशिंड, मग शिंगं. बैलानं मान झटकली आणि दावं तुटलं.

मी पहिल्यांदा काय विचार केला असेल? की मधुभाऊनं केली! मला न सांगता केली आणि पाटील सरांकडे पाठवली. मी ओठ दाबून बसले होते. बाभूळ आली, पूल आला, पोराचा तळवा आला. प्रत्येक रेघ कापत होती, पण तो दोष वाटत नव्हता. बैल थकलाय म्हणून कापतोय, असं वाटत होतं. चालीतला भार असा होता की मागचा पाय उचलताना आपल्याच गुडघ्यात कळ यावी. इतक्या फिल्म पाहिल्यात मी, पण एवढं साधं, एवढं नेमकं काम क्वचित पाहिलंय.

अंगणापर्यंत बैल पुसला गेला. पडदा जवळजवळ काळा. घरातून एक बाई बाहेर आली, हातात चाऱ्याची पेंढी. तिला काही दिसत नाही. तरी ती पेंढी खाली ठेवते, आणि हात पुढं करून, जिथं बैलाचं कपाळ असायला हवं तिथं, हवेतच खाजवते. मग हात मागं घेते, बघते. तिचा हात पांढरा झालाय.

संपलं. नाव नाही, काही नाही. लगेच कापडाची फिल्म सुरू झाली. माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी पाटील सरांना म्हटलं, कधी पाठवली भाऊनं? ते म्हणाले, कोणती? मी म्हटलं, बैलाची. ते म्हणाले, मला वाटलं ती तुम्हीच टाकलीय. आम्ही दोघांनी लॅपटॉप पालथा घातला. त्यात फक्त मी टाकलेल्याच फिल्म होत्या. लॅपटॉपवर काय काय चाललं याची नोंदही त्यांनी काढून पाहिली — मातीची संपली आणि कापडाची सुरू झाली, मध्ये काहीच नाही. इंटरनेट जोडलेलं नव्हतं. ते शास्त्राचे माणूस, घाम पुसत पुन्हा पुन्हा तेच बघत राहिले.

विद्यार्थी अजून दारातच होते. त्यांना विचारलं. त्यांनी पाहिली होती. एक मुलगी म्हणाली, मॅडम, ती खडूवाली सगळ्यात भारी होती, लिंक द्या ना. सुमनअक्का चपला घालत त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या,

"त्या बाईना हात ढवया व्हई गया ना, तठे माले रडू उनं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि एसटीनं चाळीसगावला गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मधुभाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, हात मांडीखाली दाबून. ती त्याची सवयच झालीय. वहिनीला मी आधी स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ती म्हणाली, अगं, फळा तर कधीचाच अंगणवाडीला देऊन टाकला. खडूचा डबा दिसला तरी ते तोंड फिरवतात, कोण फिल्म करतंय?

मग बाहेर येऊन मी त्याला सांगितलं. सुरुवातीपासून बैल अंगणात येईपर्यंत, जसं पाहिलं तसं.

"वसू, मी ती कधी बनाडीच नही," तो म्हणाला.

मी म्हटलं, माहीत आहे.

"शेवट कसा व्हता?"

तो मी मुद्दामच सांगितला नव्हता... धीर होत नव्हता. सांगितला. बाई, पेंढी, हवेतला हात, पांढरा तळवा. त्यानं मांडीखालचा उजवा हात बाहेर काढला आणि तसाच कापता कापता समोर धरला, कपाळ खाजवल्यासारखा. मग खाली ठेवला.

"हाऊच शेवट," तो म्हणाला. "माले सापडत नव्हता."

मला वाटलं होतं, आता तो उठेल. म्हणेल, फळा आण, मी सांगतो तसं तू काढ. मी ते मनात ठरवूनच आले होते, माझ्या हातून करून घे म्हणणार होते. तसं म्हटलंही. तो हसला.

"पुरी व्हयनी ना ती? कोनी का करी असेना. आते माले करानी गरज नही. मी थकी जायेल व्हतू, वसू."

वहिनी दारात उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि आत गेली. मला त्याचा राग आला, आणि परतीच्या बसमध्ये तो रागही टिकला नाही. माणूस इतकी वर्षं एका अंगणाच्या दारात अडकून होता, तो सुटला. यात मी राग कसला धरायचा?

पाटील सर अजूनही म्हणतात, फाइल खराब होती, आपोआप गेली असेल. पण ती आली कुठून, हे त्यांनाही सांगता येत नाही. मधुभाऊनं गोष्ट आणखी कुणाला सांगितली असेल आणि त्यानं केली असेल, हेही मी मानून पाहिलं. पण शेवट तर मधुभाऊकडेही नव्हता. त्या मुलीनं इंटरनेटवर खूप शोधलं. तशी फिल्म कुठंच नाही. खरं सांगते, आता शोधायची ताकद माझ्यात नाही. कार्यक्रम मात्र बंद केला नाही. का, ते विचारू नका.

आता मधुभाऊ फोनवर पुन्हा फिल्मबद्दल बोलतो. मागच्या आठवड्यात म्हणाला, त्या बाईनं पेंढी ठेवायच्या आधी पायानं बादली बाजूला सारली ना, ते फार छान झालंय, नाहीतर बैलाला उभं राहायला जागाच नव्हती.

बादली होती. तिनं सारलीही होती. पण हे मी त्याला सांगितलं नव्हतं, कुणालाच नाही. मला स्वतःलाच ते त्यानं म्हटल्यावर आठवलं.

तुला कसं माहीत, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण तो बऱ्याच दिवसांनी न अडखळता बोलत होता, पुढं त्या बाईच्या पदराबद्दल सांगत होता. मी ऐकत राहिले.