दोन किलवरचा अर्थ

तुम्ही चहा घ्या, मी सांगते. हसू आलं तर हसा. घोटाळा माझाच आहे, आणि साधासुधा नाही.

आमच्या कुंभकोणमच्या घरी रविवारी दुपारी ब्रिजचा डाव बसतो. एका बाजूला पोस्टमास्तर सार आणि त्यांचे मेहुणे, दुसऱ्या बाजूला माझे सासरे, म्हणजे मामंजी, आणि मी. त्यांचा जुना जोडीदार वारला, म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी सातवी शिकलेली. पण पत्त्यांना कुठं मार्कलिस्ट लागते?

तर बाळंतपणानंतर मला ऐकू येईनासं झालं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूबाईंनी लेक माझ्या भरवशावर सोडली असती? मी ओठ वाचायची, मान हलवायची. ब्रिजमध्ये तर ते फारच सोपं. एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास. आठवड्यातले तेवढेच दोन तास मी बहिरी नसायची.

एक नियम मात्र आहे. बोलीचा अर्थ समोरच्याला हवा असेल, तर बोली करणाऱ्याच्या जोडीदाराला विचारायचं. बोली करणाऱ्यानं गप्प राहायचं, चेहरासुद्धा हलवायचा नाही. म्हणजे मामंजींच्या बोलीचा अर्थ मी सांगायचा. त्या टेबलावर याखेरीज मला कुणी काही विचारतच नसे.

त्या दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. सात महिन्यांची लेक, इकडे बाळाला पाप्पा म्हणतात, आतल्या खोलीत चटईवर झोपलेली. मी बोली केली, एक नो ट्रम्प. मामंजी म्हणाले, दोन किलवर. ही बोली नुसती नावाची, हातात किलवर असतीलच असं नाही; तो जोडीदाराला, म्हणजे मला, विचारलेला प्रश्न असतो. पोस्टमास्तर सारांनी पत्ते तोंडासमोर धरले आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

अर्थ विचारतायत, दुसरं काय?

"त्यात काही खरं नाही, सार. मी उत्तर द्यावं म्हणून आहे ते."

सार माझ्याकडे बघतच राहिले. मग पुन्हा भुवया.

"नेहमीचंच आहे, सार. माझ्याकडे द्यायला काही नसलं की मी तसं सांगते, विषय संपला."

सारांनी मेहुण्यांकडे बघितलं, मेहुण्यांनी मामंजींकडे. मामंजी नियमाचे पक्के, नजर पत्त्यांत. शेवटी सार पास म्हणाले.

तो डाव आम्ही जिंकलो. जिंकलो, बरं का.

मी पत्ते गोळा करतेय तोवर सासूबाई लेकीला घेऊन दारात उभ्या. तिच्या पायांवर, पाठीवर लाल मुंग्यांचे चट्टे. तोंड उघडं, चेहरा जांभळा. आवाज मला तेव्हाही आला नाही.

आता सारांचे ओठ दिसले. "पाप्पा रडतेय, हेच सांगत होतो, मा. दोनदा सांगितलं."

मामंजी म्हणाले, "आईच म्हणतेय काही नाही, तर नसेल, असं वाटलं मला."

"तुम्हाला तरी कान होते ना?" सासूबाई त्यांच्यावर कडाडल्या.

"मला नाहीत," मी म्हणाले. "मला ऐकू येत नाही, सासूबाई."

चट्टे आठवड्यात गेले. लेक अजून सासूबाईंजवळच झोपते. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

परवा कानाला मशीन लावून पहिल्यांदा डावाला बसले. मामंजींची बोली झाली, पुन्हा दोन किलवर. पोस्टमास्तर सारांनी पत्ते पालथे ठेवले, माझ्याकडे वाकून सावकाश विचारलं.

"हातात चार बदाम किंवा चार इस्पिक आहेत का, असं विचारतायत मामंजी," मी पुरतं ऐकून न घेताच सांगितलं.

"ते नव्हे, मा. पाप्पा बरी आहे ना, एवढंच विचारलं."

मशीन चालू होतं.