एका तारेवर सगळे

इस्पितळातल्या यंत्रांची जोडणी सांभाळणाऱ्या या माणसाला घरात 'सावकाश' म्हणत. काही विचारलं की हा आधी कानोसा घेणार, दुसरं कुणी बोलत नाही ना ते बघणार, मग तोंड उघडणार. "हा लग्नाला हो म्हणेपर्यंत माझी पोरं शाळेत जायला लागली," असं थोरली ताई सांगे.

ही खोड त्याच्या कामातूनच लागलेली होती. वॉर्डातली सगळी यंत्रं एकाच तारेवरून बोलत. तार मोकळी असेल तरच निरोप सोडायचा. दोघांनी एकदम सोडला तर दोन्ही निरोपांचा चुथडा. मग दोघांनीही गप्प व्हायचं आणि वेगवेगळा वेळ थांबायचं. सारखंच थांबले की पुन्हा टक्कर.

घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आता वडील त्याच वॉर्डात होते. पक्षाघातानंतर त्यांचा एकेक शब्द जिन्यावरून म्हातारं माणूस उतरावं तसा उतरे. दुपारी डॉक्टर ऑपरेशनचं विचारायला येणार होते, आणि त्याआधी वडिलांना काही सांगायचं होतं.

"म... ला..."

"पाणी हवंय," ताई म्हणाली.

"उशी टोचतेय," दादा.

"अरे, लघवी लागली असेल," आत्या.

वडिलांनी डोळे मिटले. तिघं वरमून गप्प बसली. वडिलांचे ओठ पुन्हा हलले, तशी तिघंही पुन्हा एकदम सुटली.

सावकाश उठला. "ताई, खालून बाटली भरून आण. दादा, आत्याला बरी खुर्ची बघ. आत्या, तू इथेच बस, पण पदर तोंडाला लाव. परत याल तेव्हा आधी दारात थांबून ऐकायचं."

"आम्ही काय तुझी यंत्रं आहोत का रे?" दादा म्हणाला.

"यंत्रं ऐकतात, दादा."

दादा पुटपुटत गेला. वडील बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले.

"मला... घरी... न्या," ते म्हणाले. "कापा...कापी... नको."

ताई बाटली घेऊन दारात उभी होती. तिच्यामागे दादा, हातात खुर्ची. ऑपरेशनसाठी सगळ्यात जास्त हट्ट त्याचाच होता. आता तार मोकळी होती आणि बोलायला कुणीच तयार नव्हतं. वडिलांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरू लागली.

सावकाश या वेळी थांबला नाही.

"हो, बाबा," तो म्हणाला.