वेशीवरचा रिकामा दगड

सन एकोणीसशे तीन. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. आमच्या गावात एक गुरव होता. त्याच्या हातात काहीही ठेवा, तो नमस्कार तुम्हाला करत नसे. तुमच्या खांद्यावरून पलीकडं बघायचा, तिथं कुणी उभं असल्यासारखा, आणि तिकडं हात जोडायचा. नवा माणूस हमखास मागं वळून बघायचा. मागं कुणी नसायचं.

आमचं गाव निपाणीपासून दोन कोसांवर. गुरवाला बायकापोरं नव्हती, जमीन नव्हती. देवळाची झाडलोट, पूजा, सांजेला दिवा, एवढंच त्याचं काम. सुगीत लोक देतील त्या जोंधळ्यावर वर्ष काढायचा. जोंधळा संपला तरी कुणाच्या दारात गेला नाही. "त्याला ठावं हाय की," एवढंच म्हणायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुम्हाला त्यांचं कौतुक वाटलं असेल. मला राग यायचा.

कारण सांगतो. एका वाईट साली मी आपणहून भरलं पोतं पाठीवर घेऊन देवळात गेलो. पारावर चार माणसं बसलेली. त्यानं पोतं उतरून घेतलं आणि माझ्या खांद्यावरून हात जोडले. मी म्हटलं, "मामा, मी आणलंय."

"आणलंस तूच," तो म्हणाला. "दिलं त्यानं."

पारावरचा एक जण बोलला, म्हणजे हा नुसता ओझ्याचा बैल. सगळे हसले. गुरवही हसला. लोक माझ्यावर हसलेलं मी विसरत नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

मग ते एकोणीसशे तीन, प्लेगाचं साल आलं. घरात उंदीर पडू लागले तसं गाव उठलं. आत ऊन पडावं म्हणून आम्ही घरांवरची कौलं काढली आणि माळावर झोपड्या घातल्या. आमच्या झोपडीत आप्पा म्हणजे माझे वडील, मी, बायको आणि दोन वर्षांची लेक. गुरव तेवढा आला नाही. देवाला अंधारात कसं टाकू, म्हणाला. भ्या वाटत नाही का, असं आप्पांनी विचारलं. तर म्हणाला, वाटतंय की, पण धीरही तोच धाडतो, रोजचा रोज, साठवायला तेवढा देत नाही.

मग गावानं ठरवलं की एकेका घरानं पाच-पाच दिवस त्याची भाकरी पोचवायची. वेशीच्या दगडावर ठेवायची, हाळी द्यायची आणि मागं फिरायचं. माणूस लांब गेला की तो येऊन नेणार.

आमची पाळी आली. पहिल्या दिवशी वेशीपाशी गेलो आणि मनात आलं, बघू तर खरं, मी नाही ठेवली तर कोण देतो. भाकरी फडक्यातच राहू दिली, हाळी दिली आणि बाभळीमागं बसलो. समोर आमचंच गाव, भर दुपारी, बिनकौलांचं. एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. गुरव आला. दगडाकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्या रिकाम्या दगडापलीकडं हात जोडले आणि परत गेला. भाकरी मी बैलांना घातली.

दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यानं एकदा माझं नाव घेऊन मागावं. मागितली असती तर धावत दिली असती.

तिसऱ्या दिवशी मी लपलो नाही. हाळी दिली आणि भाकरी मांडीवर घेऊन दगडाच्या अलीकडं बसलो. तो भिंतीला हात लावत लावत आला आणि लांबच थांबला. मी म्हटलं, आता मागणार.

"कोण गेलं रं घरात?" त्यानं विचारलं.

मला काही कळेना. मग त्यानंच सांगितलं. हाळी ऐकू येते आणि दगडावर भाकरी नसते, म्हणजे या घरात चूल पेटलेली नाही. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत. त्याला वाटलं, प्लेग आमच्या झोपडीत शिरला, आणि तशातही मी पाळी चुकू नये म्हणून येऊन हाळी देतोय. वेशीवर येण्यापुरता सोडला तर दोन दिवस तो देवापुढून उठला नव्हता.

"माझं तो बघतोय," तो म्हणाला. "मी तुमच्यासाठनं मागत हुतो. म्हटलं, त्येंच्यातलं आणि कुणी नेऊ नगंस. न्यायचंच असंल तर हितं एक म्हातारं हाय."

तेव्हाच खरं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझ्या तोंडून निघालं, "लेकीला ताप आलता, मामा. आज उतरला."

त्याचं तोंड असं फुललं की मला बघवेना. "ऐकलं बघ त्यानं," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावरून हात जोडले. माझी मान मागं वळेना.

मी भाकरी ठेवली. जवळ येऊ नगंस, तो म्हणाला. पुढचे दोन्ही दिवस मी दोन-दोन भाकऱ्या ठेवल्या, वर चटणी, कांदा. त्या उचलल्या गेल्या. सहाव्या दिवशी दुसऱ्या घराची पाळी होती. त्यांची भाकरी दगडावर तशीच राहिली आणि सांजेला माळावरून देवळाचा दिवा दिसला नाही.

उजाडल्यावर आम्ही चौघं गावात गेलो. तो गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पडलेला. माझ्या पाचही भाकऱ्या देवापुढं मांडून ठेवलेल्या, एकही मोडलेली नव्हती.

काखेत गाठ होती. प्लेगानं गेला, लोक म्हणाले, आणि मीही आजवर तेच सांगत आलोय. त्या साली लेकीला ताप आलाच नव्हता. आता ती स्वतः आजी झाली आहे. माहेरी आली, पुढ्यात बसून बोलायला लागली की मी उठून बाहेर जातो. ताप आला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे. तो यायचा होता की काय, एवढंच माहीत नाही.

त्या सकाळी आम्ही चौघांनी त्याला माती दिली आणि माळावर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाव्यापुढं जाऊन बसलो आणि डोक्याबरोबर मिशीही काढ म्हणून सांगितलं. आमच्यात मिशी बाप गेल्यावर काढतात. न्हाव्यानं वस्तरा खाली घेतला.

"खुळा का काय रं? आप्पा तर जितं हाइत. तितं बसल्यात बघ, तंबाकू मळत."

"तू वस्तरा चालव," मी म्हटलं.