लालीचा चेहरा

स्नेहलतागंज मोहल्ल्यात धम्मदीनाला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांची ती ‘फोटोवाली दीदी’. पगार मिळायचा तो एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनचे कागद तपासण्याचा, पण रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरा अडकवून ती जी बाहेर पडायची, ती ऊन डोक्यावर आलं तरी परतायची नाही. वडील महूला फौजेत होते. त्यांचा यशिका कॅमेरा तिच्या हाती आला तेव्हा ती शाळेत होती. लग्नाचं कधी जमलं नाही, आणि जमलं नाही याचं तिला फारसं वाईटही वाटलं नाही.

मोठ्या इमारती, राजवाडे यांच्या वाटेला ती गेली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून मेंदी सुकवणाऱ्या पोरी, रिक्षातून पाय बाहेर काढून झोपलेला रिक्षावाला, असलं काही दिसलं की तिचं बोट आपोआप बटणावर जायचं. दिवाळीनंतर हिंगोटच्या दिवशी, दारू भरलेली पेटती फळं एकमेकांवर फेकायचा खेळ असतो तेव्हा, सगळे फोटोवाले गौतमपुऱ्याच्या मैदानात पेटत्या हिंगोटांमागे धावत. ही आपली गल्लीत, धडाधड दारं लावून घेणाऱ्या बायकांचे फोटो काढत असायची.

एक नेम मात्र तिने कधी मोडला नाही. ज्याचा फोटो काढला, त्याच्या हाती एक प्रत पोचलीच पाहिजे. रोल धुवून, छापून ती माणसं शोधत फिरायची. पुढे डिजिटल कॅमेरा आला तरी तेच. म्हणूनच एका दुपारी खजरान्याची प्रेमलता दारात उभी राहिली, तेव्हा धम्मदीनाला तिला ओळखायला वेळ लागला नाही. तिथल्या देवळाबाहेर हारांचं दुकान लावणारी, नथूची बायको. हातात जुन्या साडीच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं.

“दीदी, म्हारी लाली,” एवढंच म्हणून तिने गाठ सोडली.

आत एक फ्रेम होती. झेंडूच्या टोपलीत बसवलेली चारेक वर्षांची पोर. हिरवा फ्रॉक, मुठीत फूल, धुळीने माखलेले पाय. आणि चेहऱ्याच्या जागी पांढरा खरबरीत डाग. छपराचं पाणी फ्रेममध्ये शिरलं होतं, फोटो काचेला चिकटला होता. नथूने हळूहळू सोडवायला घेतला, तर नेमका चेहराच काचेवर राहिला. काच पुसताना तोही गेला.

लाली आता नव्हती. फोटो काढला त्याच वर्षी ती डेंग्यूने गेली. तेव्हा घरात साधा फोन होता, कॅमेऱ्याचा नव्हता. पोरीचा जगात हा एवढाच फोटो.

“आपके पास तो होगी ना? दूसरी निकाल दो.”

“आहे ना! माझ्याकडे सगळं आहे,” धम्मदीना चटकन म्हणाली. “बैठो, चाय पियो. आज-उद्यात देते.”

ती खोटं बोलत नव्हती. शाळेपासूनच्या निगेटिव्ह तिच्या कपाटात वर्षवार लावलेल्या होत्या. पण लालीचा फोटो पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यावरचा. ती सगळी वर्षं एका हार्ड डिस्कमध्ये होती. संध्याकाळी तिने ती डिस्क जोडली. आतून टक, टक असा आवाज आला आणि बंद पडला. पुन्हा जोडली. पुन्हा टक, टक.

वरच्या मजल्यावर हृषीकेश राहायचा, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, कॉम्प्युटरच्या कामातला. धम्मदीना डिस्क घेऊन त्याच्या दारात गेली.

“अरे भिया, बघ ना जरा, ही चालूच नाही होत आहे.”

त्याने बघितलं, ऐकलं, आणि तोंड बारीक केलं. “ताई, हिची दुसरी कॉपी?”

दुसरी कॉपी नव्हती. लोकांच्या हाती प्रत देणाऱ्या बाईने स्वतःसाठी प्रत ठेवली नव्हती. हृषीकेशने डिस्क मुंबईला धाडली, तिथून ती तशीच परत आली. आतली तबकडीच खरवडली गेली होती. दरम्यान प्रेमलताचा फोन यायचा. “दीदी, हुआ क्या?” आणि धम्मदीना म्हणायची, “हो रहा है.” फोन ठेवला की तिला स्वतःची लाज वाटायची.

“ताई, एक करता येईल,” एके दिवशी हृषीकेश म्हणाला. “हा खराब फोटो स्कॅन करू. आईवडिलांचे फोटो देऊ. एआय चेहरा भरून काढेल. कळणारही नाही.”

“पण तो लालीचा कसा असेल?”

“जवळपास असेल,” तो म्हणाला. त्यालाही धम्मदीनासाठी काहीतरी करायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर टोपलीतली पोर हसत होती. गोल गाल, आईसारख्या भुवया, टपोरे डोळे. फ्रॉक तोच, फूल तेच. धम्मदीना बघत राहिली. त्या सकाळचं ऊन तिला आठवत होतं. मंडपाची सावली फ्रॉकवर पडत होती म्हणून टोपली पुढे ओढायला लावलेली, तेही आठवत होतं. पण पोर हसली होती का? तिने डोळे मिटून डोक्याला पुष्कळ ताण दिला. चेहरा येईना. किती चेहरे पाहिले होते तिने! त्या गर्दीत तो एक कुठे विरून गेला होता.

प्रेमलता आली. धम्मदीनाने आधी सगळं खरं सांगितलं: डिस्क गेली, फोटो गेला, हा चेहरा मशीनने बनवलाय. मग छापलेली प्रत पुढे ठेवली. प्रेमलताने ती खिडकीपाशी नेली.

“नी, या म्हारी लाली नी है,” ती म्हणाली.

धम्मदीनाने प्रत परत घ्यायला हात पुढे केला. प्रेमलताने दिली नाही. बघतच राहिली. मग तिचा आवाज उतरला. “आँखें तो... दीदी, ऐसी ही थी क्या? इतने बरस हो गए. आपने तो देखी थी ना, कैमरे में से? आप बताओ.”

खरं-खोटं सांगणारं तिथे तिसरं कोणी नव्हतं. ‘हो’ म्हटलं असतं तर बाईला तेवढाच आधार झाला असता. धम्मदीनाच्या ओठांपर्यंत तो शब्द आलाही.

“मुझे याद नहीं है, प्रेमलता,” ती म्हणाली.

प्रेमलताने प्रत टेबलावर उलटी ठेवली, जुनी फ्रेम साडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि चहा न घेता निघून गेली.

दोन दिवसांनी नथू आला. खुर्चीवर बसला नाही, दाराशीच उभा राहिला. “दीदी, वो नई वाली दे दो. बिना मुँह की फोटू को दिनभर देखती है, खाना नहीं खाती.”

“नथूभाई, ती लाली नाही. तुम्हालाही माहीत आहे.”

“पता है,” तो म्हणाला. “पर घर में एक मुँह तो चाहिए.”

तिने प्रत दिली. नथूने ती शर्टाच्या आत, छातीशी धरून नेली.

पावसाळा गेला. दिवाळीआधी धम्मदीना खजरान्याला गेली, तेव्हा प्रेमलता दुकानात हार ओवत होती. मागच्या बांबूला नवी फ्रेम टांगलेली, वर ताज्या झेंडूची माळ. येणारीजाणारी गिऱ्हाइकं म्हणत, “कितनी प्यारी बच्ची है.” प्रेमलता मान डोलवायची.

धम्मदीना दिसताच तिने स्टूल पुढे सरकवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर धम्मदीनाला सोपं गेलं असतं.

“दीदी, एक बात बोलूँ?” सुईत दोरा ओवता ओवता प्रेमलता म्हणाली. “पहले आँख बंद करती थी तो लाली थोड़ी-थोड़ी दिखती थी. धुँधली, पर दिखती थी. अब बंद करूँ तो यही दिखती है.”

तिने मागे फ्रेमकडे पाहिलंही नाही. गिऱ्हाईक आलं, तिने दोन हार पानात बांधून दिले. धम्मदीना स्टुलावर बसून राहिली. गळ्यातला कॅमेरा तिला एकाएकी फार जड वाटायला लागला; तो काढून ठेवावा तर कुठे, हेही तिला सुचेना.