अकरा साबुदाण्यांचं बटण

बटणकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली, थांबले, परत वाजवली. मी दार उघडलं तर नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, म्हणाले, "सूनबाई, तुमच्या बेलचं बटण जड आहे हो. म्हाताऱ्या माणसाचं बोट दुखेल." लग्न होऊन डोंबिवलीत आल्याला मला जेमतेम आठ दिवस झालेले. म्हटलं, हा गृहस्थ जरा सैलच दिसतोय. सासूबाई आतून हसत म्हणाल्या, "अगं, ते समोरचे. त्यांना बटणांपलीकडे जग नाही."

खरंच नव्हतं. मानपाड्याच्या एका कारखान्यात ते विजेची बटणं तपासायच्या टेबलावर बसायचे. खटक-खटक करून बघायचं, चांगलं ते इकडे, वाईट ते तिकडे, हीच पंचवीस वर्षांची नोकरी. घरीही हातात सोल्डरिंगची सळई असायचीच. चटके बसून बसून उजव्या तर्जनीचं टोक टाचेसारखं निबर झालेलं.

काकू त्यांच्या अगदी उलट, बोलघेवड्या आणि भांडखोर. सोसायटीच्या गणपतीत कॅरमला त्यांच्यासमोर बसायला पुरुष मंडळी टरकायची. त्याच काकूंच्या उजव्या हाताला एके वर्षी स्ट्रायकर ढकलवेना. नसांचा आजार निघाला. वाढतच जाणार, औषध नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. काका त्या दिवशी घरी आले आणि त्यांनी कपाटावरचा टीव्ही गेम खाली काढला.

गेम जुनापुराणा. मुलगी शाळेत असताना मेहुण्यांनी मस्कतहून आणलेला. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली तशी त्यावर धूळ साचलेली. त्याचा दांडा काकूंच्याने हलेना, म्हणून काकांनी साबणाच्या डबीला भोकं पाडून पाच बटणं बसवली. चार दिशांची डाव्या हाताला, गोळी मारायचं उजव्या हाताला. आमचे हे म्हणाले, "काका, नवीन घ्या की. एका कॅसेटमध्ये शंभर गेम येतात." काका म्हणाले, "नव्याच्या पोटात चिप असते, ती कुणाचं ऐकत नाही. याच्या पोटात एका बटणाला एक वायर. गरीब आहे बिचारा."

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, तोच काकांचा कामाचा वार. दिवसा वीज नसली तर सळई गॅसवर तापवायचे. स्प्रिंग तासून झाली की बटणावर बाटलीचं झाकण ठेवायचं आणि त्यात एकेक साबुदाणा टाकायचा. त्या वजनाने बटण दबून बॅटरीचा बारका दिवा पेटला की दाणे मोजायचे. पहिलं बटण अडीचशे साबुदाण्यांचं होतं, मग सव्वाशेचं, मग चाळीसचं. काकू ओरडायच्या, "माझ्या एकादशीची खिचडी यांच्या बटणावर चढते, बघ!"

दुपारी मी काकूंशी खेळायला जायची. दोघींचे दोन रणगाडे, एकमेकींना उडवायचं. "पळतेस कुठे, भवाने!" असं त्या मला म्हणायच्या आणि मीही ऐकून घ्यायची नाही. काका कामावरून आले की तब्येत कधी विचारायचे नाहीत. चपला काढता काढता एकच प्रश्न, "आज कोण जिंकलं?" काकू सलग तीन दिवस हरल्या की शुक्रवारी बटण हलकं व्हायचं. ते स्वतः मात्र कधी खेळले नाहीत. "मला नाही जमत," म्हणायचे.

दिवाळीच्या सुमाराला एकदा काकू सातही डाव हरल्या आणि त्यांचे डोळे भरले. मला बघवेना. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम हरायला लागले. उशिरा गोळी मारायची, भिंतीवर जाऊन आदळायचं. काकू खुलल्या. "कोण जिंकलं?" काकांनी विचारलं की मीच आधी ओरडायची, "काकू!" केवढं पुण्य करतेय असं वाटायचं मला! चार शुक्रवार काकांनी हत्यारांची पेटीच उघडली नाही.

पाचव्या शुक्रवारी ते चहाचा कप घेऊन आमच्या मागे येऊन उभे राहिले. काकू डाव्या हाताने उजवं मनगट उचलून बटणावर टाकत होत्या. त्यांचा रणगाडा एका जागी उभा, आणि माझा आपणहून त्याच्या तोंडासमोर जाऊन थांबलेला. काकांनी टीव्ही बंद केला. मला बाहेर जिन्यापाशी नेलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"सूनबाई, तिचं बोट कुठवर आलंय हे मला दुसरं कोण सांगणार होतं? ती मरेल पण सांगणार नाही. तुमचा खेळ हेच माझं मीटर होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्यांनी रजा काढून नवं बटण केलं, अकरा साबुदाण्यांचं. उभं बसवलेलं, बोटाच्या शेजारी. बोटाने जरा ढकलल्यासारखं केलं की गोळी सुटायची. काकू त्यावर आठ दिवस खेळल्या. एक डाव जिंकल्या, अगदी खराखुरा, देवाशपथ सांगते. नवव्या दिवशी बोट हललंच नाही. चार आठवडे आधी ते बटण मिळालं असतं तर आणखी चार आठवडे खेळल्या असत्या. ते माझ्यामुळे गेले. काका हे कधी बोलले नाहीत, आणि मी कधी विसरले नाही.

वैशाखात काकू गेल्या.

त्या वर्षी खंडेनवमीला काकांनी हत्यारांची पूजा मांडली. पाटावर सळई, पकड, पेचकस, आणि पुढे सगळी बटणं ओळीने, जडापासून हलक्यापर्यंत. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी प्रसाद घ्यायला गेलेले, तर म्हणाले, "उद्या दुपारी याल? खेळू."

दसऱ्याला दुपारी गेले. अकरा साबुदाण्यांचं बटण त्यांनी स्वतःकडे घेतलं. बोट नेमकं टेकायच्या आत गोळी सुटली. परत नेलं, परत सुटली. त्या निबर बोटाला बटण लागल्याचं कळतच नव्हतं. जन्मभर बटणं दाबलेला माणूस, त्याला ते बटण धड दाबता येईना. काकांनी हात मांडीवर ठेवला.

"एवढीच ताकद उरली होती हो तिच्यात," ते म्हणाले. "मी आपला साबुदाणे मोजत बसलो." आणि रडायला लागले, माझ्यादेखत, लहान मुलासारखे.

मीही रडत होते. पडद्यावर त्यांचा रणगाडा उभा होता, माझा समोर. काकांनी बाहीने डोळे पुसले, पडद्याकडे बघितलं आणि माझ्यावर खेकसले, "थांबलात काय? मारा!"

मी मारलं. त्या दुपारी आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो, आणि मी त्यांना एकदाही जिंकू दिलं नाही.